दोघांपैकी एकच राजानंद

नवीन जालना,
रविवार, २१ सप्टेंबर

ती. भारतमामांना राजानंदचा सविनय जय भीम.

तुम्ही, पुष्पामामी आणि साक्षी सगळे मजेत असाल. मामींची तब्येत आता कशी आहे? मुतखड्याचा त्रास कमी झाला असेल अशी आशा करतो. (आपल्याला मुतखडा झाला होता हे मामींना माहीत नसण्याची शक्यता आहे. त्याचा खुलासा पुढे येईलच, तोवर हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नये.) आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरांनी त्यांच्यासाठी हुलग्यांचा काढा सांगितला आहे. त्याची कृती वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहे, कारण रेक्टर रोज विचारतात की काढा पोचवला का, आणि मला निदान एका बाबतीत तरी खरं बोलायचं आहे.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण इथे फोन रेक्टरांच्या कपाटात असतात. दर रविवारी अर्धा तास मिळतात, तेही त्यांच्या टेबलासमोर उभं राहून बोलायचं. शिवाय घरी फोन बाबांच्या खिशात असतो आणि बाबा कुणाचाही फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, म्हणजे मी काय बोललो ते ते कामाला असतात त्या प्लॉटवरच्या पंधरा बायांना ऐकू जातं. तुम्हाला केला असता, तर तुम्ही तो संपल्याबरोबर बाबांना केला असता. (राग मानू नका. तुम्ही नेहमीच करता.) म्हणून स्पीड पोस्ट.

मामा, तुम्ही बावीस वर्षं अंबडच्या कोर्टात फायली सांभाळता, म्हणून तुम्हालाच विचारतो. एक मुलगा एकाच वेळी दोन कॉलेजांत शिकत असेल तर त्याच्यावर कोणतं कलम लागतं? आणि तो अठराच्या आतला असेल तर ते त्याच्यावर लागतं की त्याच्या आईवर? मी हे नुसतं सामान्य ज्ञान म्हणून विचारत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पाच दिवस झाले, मला जेवण जात नाही. मेसच्या मावशी म्हणतात की पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच होतं. पण त्यांना घराची आठवण वगैरे वाटते आहे. मला बेड्या दिसतात.

मुळापासून सांगतो. दहावीच्या निकालानंतर मे महिन्यात आपल्या हसनाबादेत कॉलेजांचे सर लोक फिरत होते, हे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक सरांना ठरावीक पोरं आणून द्यायची असतात. कोणी चारचाकीतून आले, कोणी बस पास देतो म्हणाले, एकांनी तर सायकल दाखवली. (नुसती दाखवली.) त्यात हरिओम सर आले. आपल्या गावापासून सात किलोमीटरवर रस्त्याकडेला जे तीन खोल्यांचं, पत्र्याचं कॉलेज आहे, आर्ट्सचं, तिथले सर. ते मोटरसायकलवरून एकटेच आले आणि काहीच देतो म्हणाले नाहीत. पाणी मागितलं. ते कॉलेज विनाअनुदानित आहे. म्हणजे शिकवायचं रोज, आणि पगार सरकारची मान्यता आल्यावर. सर अकरा वर्षं शिकवत आहेत आणि मान्यता अजून यायची आहे. दुपारनंतर ते पिठाची गिरणी चालवतात, त्यामुळे त्यांच्या भुवयांवर जे पांढरं असतं ते खडूचं की ज्वारीचं हे कळत नाही. त्या दिवशी ते आईला म्हणाले, "ताई, पोराला कुठं शिकवायचं तिथं शिकवा. मला फक्त पटावर नाव द्या. एकोणचाळीस झालेत, चाळीसला तुकडी मान्य होते." ते तिसऱ्यांदा उन्हात आले तेव्हा आईने ट्रंक उघडली आणि माझा शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाली, अकरा वर्षं बिनपगारी माणूस, त्याला न्हाई कसं म्हणावं. मी तिथेच होतो. मला भीती वाटत होती, पण ती मला सगळ्याचीच वाटते, त्यामुळे तिचा काही उपयोग होत नाही.

संध्याकाळी बाबा आले आणि त्यांनी जाहीर केलं की राजानंद जालन्याला सायन्सला जाणार. तुम्हाला ठाऊक आहे, बाबा ज्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाला आहेत तिथे कंपनीचे एक साहेब पांढऱ्या गाडीतून येतात, मिरचीचं फूल बोटांनी उघडून बघतात आणि निघून जातात. ते बीएस्सी अ‍ॅग्री आहेत. मी ते फूल उघडावं अशी बाबांची फार इच्छा आहे. मग त्यांनी दाखला मागितला. आई म्हणाली, हरवला. आणि मग, मामा, तुम्ही आलात. तुमच्या ओळखीने प्रतिज्ञापत्र झालं. 'सदर दाखला हसनाबाद येथील आठवडी बाजारात गर्दीमध्ये गहाळ झाला असून शोध घेऊनही मिळून आला नाही' हे वाक्य तुमचंच होतं आणि बाबांनी त्याखाली खरं समजून सही केली. शोध घेऊन तो मिळणारच नव्हता, कारण तो हरिओम सरांच्या कपाटात आहे हे आईला माहीत होतं. त्या प्रतिज्ञापत्रावर शाळेने दुसरा दाखला दिला आणि मी इथे आलो. म्हणजे बाबांनी शपथेवर खोटं सांगितलं आहे आणि ते त्यांना माहीत नाही. तुम्ही ते लिहून दिलं आहे आणि तेही तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे. (माफी असावी.)

इथलं म्हणाल, तर स्टेशनपासून जवळ आहे, इमारत चार मजली आहे आणि सगळे माझ्यापेक्षा हुशार आहेत. आमच्या वर्गात दोनशे चाळीस मुलं आहेत. वर्ग नाही, हॉल आहे. सर गळ्यात माईक लावून शिकवतात आणि मागे बसणाऱ्यांना ते फक्त ऐकू येतात, दिसत नाहीत. मी मागे बसतो. माझा नंबर एकशे सत्त्याऐंशी. इथे मला नावाने हाक मारणारा एकच, माझ्या खोलीतला माऊली, तो घनसावंगीकडचा आहे आणि मनाने चांगला आहे, पण त्याला आवर्तसारणी पाठ असल्यामुळे मी त्यालाही भितो. दारात अंगठा लावायचं यंत्र आहे. ते माझा अंगठा पहिल्या वेळेला कधीच ओळखत नाही. 'पुन्हा प्रयत्न करा' असं एका बाईच्या आवाजात म्हणतं, मागे रांग थांबते, आणि मला वाटतं की यंत्राला सगळं कळलेलं आहे. दर पंधरा दिवसांनी परीक्षा होते आणि कोणाचा कितवा नंबर आला त्याचा इंग्रजीतला मेसेज पालकांच्या फोनवर जातो. मागच्या वेळी माझा दोनशे चौदावा आला. बाबांना ते मार्क वाटले. त्यांनी प्लॉटवर सगळ्यांना सांगितलं की पोराला दोनशे चौदा पडले, आणि तुम्हालाही सांगितलं असेल. तुम्ही अभिनंदनाचा फोन केला होता, तेव्हा मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता मूळ मुद्दा. अकरा तारखेला हरिओम सर वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. सोमवारी पटाची तपासणी होती. तपासणीच्या मॅडम येऊन डोकी मोजणार, आणि चाळीस भरली नाहीत तर तुकडी गेली, तुकडी गेली की मान्यता गेली. सर एवढंच म्हणाले, आणि मग मला म्हणाले की जमत नसेल तर राहू दे. असं कोणी म्हटलं की मला न जमणं अवघड जातं. मी रेक्टरांना सांगितलं की अंबडला मामी सिरीयस आहेत. काय झालं, त्यांनी विचारलं. मुतखडा, मी म्हणालो. (खुलासा हाच. मामींना कृपया कायम सुखी ठेवा.)

शुक्रवारी आणि शनिवारी तालीम होती. तालीम म्हणजे कोण कुठे बसायचं, हजेरीला कसं उठायचं एवढंच. मुक्काम सरांच्या घरी, गिरणीच्या मागच्या खोलीत. पण चाळीसच्या चाळीस पोरं समोर बसलेली बघून सरांना राहवलं नाही आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. एरवी सतरा-अठराच येतात म्हणे. भूगोलाचा तास होता. सर म्हणाले, पुस्तक मिटा आणि आपल्या घरापासून कॉलेजापर्यंतचा रस्ता कागदावर काढा, कुठे चढ, कुठे उतार, पाणी कोणीकडे वाहतं ते दाखवा. मी आपल्या दारापासून काढायला घेतला. गिरजा नदीकडे उतरणारे ओहोळ काढले, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं आणि कोणत्या नाही ते काढलं, बाबांचा प्लॉट काढला. दुपारची सुट्टी झाली तरी मी काढतच होतो. सर मागे येऊन उभे राहिले. मग त्यांनी मला विचारलं की या दोन विहिरी एकाच ओहोळावर असून एकच का आटते. मी सांगितलं. मला ते कोणी शिकवलेलं नव्हतं, पण ते मला माहीत होतं. मामा, तेवढा वेळ मला कशाचीच भीती वाटली नाही. हे रविवारी माझ्या लक्षात आलं, आणि मग त्याचीच भीती वाटायला लागली.

सोमवारी सुहासिनी मॅडम आल्या. (या तपासणीच्या. चष्मा, सुती साडी, आवाज हळू. हळू आवाजाच्या माणसांना मी जास्त भितो.) ठरल्याप्रमाणे मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. सरांनीच बजावलं होतं की तू काही बोलायचं नाही, दिसायचं नाही, फक्त असायचं. मॅडमनी डोकी मोजली, चाळीस भरली. त्या निघाल्याच होत्या, तेवढ्यात त्यांना सरांनी भिंतीवर लावलेला माझा नकाशा दिसला. कोणी काढला, त्यांनी विचारलं. आणि ज्या माणसाची अकरा वर्षं पणाला लागली होती त्याला सगळ्याचा विसर पडला. "आमच्या राजानंदनं," असं म्हणून सरांनी मला हाताला धरून पुढे आणलं. मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. विहिरीचं त्यांनीही विचारलं. मी त्यांनाही सांगितलं. मग संध्याकाळच्या बसने मी जालन्याला आलो आणि आता सुटलो असं समजून दोन घास जास्त खाल्ले.

मंगळवारी दहा वाजता आमच्या हॉलचं दार उघडलं आणि सुहासिनी मॅडम आत आल्या.

(जिल्ह्यातली सगळीच कॉलेजं त्या तपासतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) मी खाली वाकलो. बाकाखाली शिरलो म्हटलं तरी चालेल. तसाच राहिलो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं, पण मॅडम रांगेतून जवळ येताच माऊली चांगुलपणाने म्हणाला की मॅडम, हे पोरगं चक्कर येऊन पडलं. मला वर काढण्यात आलं. मॅडमनी हजेरीपटात बघितलं, एकशे सत्त्याऐंशी, राजानंद शिवाजी. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, काल तू दुसरीकडे नव्हतास का?

आणि मामा, मी आजवर एवढं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "न्हाई मॅडम. त्यो माझा भाऊ."

जुळा का, त्यांनी विचारलं. जुळा, मी म्हणालो. त्याचं नाव काय? इथे माझ्या डोक्यात एकही नाव आलं नाही. जगात इतकी नावं आहेत, सुमित आहे, माऊली तर शेजारीच उभा होता. मी म्हणालो, राजानंद. दोघांचं एकच? मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, "हो मॅडम. घरी एकच नाव ठरवून ठेवल्तं."

दोनशे एकोणचाळीस मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पट मिटला आणि हळू आवाजात विचारलं की नकाशा काढतो तो कोणता भाऊ. तो, मी म्हणालो. "आणि तू काय करतोस?" त्यांनी विचारलं.

मी बाकाखाली पडलेलं पेन उचललं. मग मॅडमच म्हणाल्या, "तीस तारखेला माझी यादी पुढे जाते. त्या यादीत एकच राजानंद पाहिजे. कोणता, ते दोघं भाऊ बसून ठरवा."

तेव्हापासून आम्ही दोघं भाऊ बसून ठरवतो आहोत. इकडच्याच्या बाजूने चार मजली इमारत आहे, पांढरी गाडी आहे, बाबा आहेत. इकडचा गेला तर बाबांनी गावात सांगितलेलं सगळं परत घ्यावं लागेल. तिकडच्याच्या बाजूने पत्र्याच्या तीन खोल्या आहेत. तिकडचा गेला तर एकोणचाळीस उरतात, आणि सप्टेंबरात चाळिसावा कुठून आणणार? मी झेरॉक्सवाल्याच्या फोनवरून हरिओम सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू तुझं बघ बाबा. माझ्यासाठी तिकडचं सोडू नको, अन् इकडं आला तर माझ्यासाठी येऊ नको." मागे गिरणीचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं की नकाशात पुलाच्या खालचा ओहोळ जरा जास्तच वळवलास का, ते काल जाऊन बघून आले. मी म्हणालो, पावसाळ्यानंतर तो तसाच वळतो. बराबर, ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

तर मामा, एवढीच हकिगत. तुम्ही कोर्टातल्या एखाद्या वकील साहेबांना, नाव न घेता, विचारून कळवावं की नसलेला जुळा भाऊ सांगणं, प्रतिज्ञापत्र आणि मुतखडा हे तिन्ही गुन्हे वेगवेगळे धरतात की एकत्र. माझी भीती थोडी कमी होईल. मामींना जय भीम आणि साक्षीला अनेक आशीर्वाद. (ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, पण पत्राच्या शेवटी आशीर्वाद द्यायचे असतात.)

तुमचा भाचा,
राजानंद

ता.क. वकील साहेबांना विचारायची तशी गरज नाही. काढ्याच्या कागदामागे दुसरा एक कागद आहे, तो बघावा. तो इथला प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आहे. त्यावर पालकाची किंवा स्थानिक पालकाची सही लागते, आणि प्रवेशाच्या फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून तुमचं नाव आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. पण आत्ताच सही करू नका. खालचं आधी वाचा.

ता.क. २. आम्ही दोघं भाऊ अजून ठरवतो आहोत असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. शुक्रवारी मी मॅडमच्या ऑफिसात गेलो होतो, एकटा. बाहेरच्या बाकावर दीड तास बसलो आणि दोनदा उठून निघालोही होतो. तिकडचा राहणार असं मी त्यांना सांगितलं. भाऊ नाही हेही सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, घरी सांगितलंस का? मी म्हणालो, सांगतो. जुना दाखला वापरायचा की नवा, त्या प्रतिज्ञापत्राचं काय करायचं, हे त्या बघून देतो म्हणाल्या, पण वडिलांना घेऊन ये, त्याशिवाय काही करणार नाही, हेही म्हणाल्या. भूगोलात पुढे पुष्कळ शिकता येतं, पाण्याची आणि जमिनीची कामं करणारी माणसं त्यातूनच होतात, असं हरिओम सर म्हणतात. पण ते नसतं तरी मी गेलो असतो.

ता.क. ३. खरी विनंती ही आहे. येत्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला, तुम्ही तो अर्ज सही न करता घेऊन हसनाबादला या. बाबांना मीच सांगणार आहे, दाखल्याचं, दोनशे चौदाचं आणि हे. तुम्ही माझ्या वतीने एक शब्दही बोलू नका. बाबा रागावतील याची मला भीती नाही, ते कधी रागावलेलेच नाहीत. ते फक्त 'बरं' म्हणतात आणि उठून बाहेर जातात. दाखला हरवला असं आई म्हणाली तेव्हाही ते 'बरं' म्हणून बाहेर गेले होते आणि सगळा बाजार धुंडाळून अंधार पडल्यावर परत आले होते. मला तेवढ्या एका गोष्टीची भीती वाटते. म्हणून त्या दिवशी तुम्ही दाराशी बसा, आणि त्यांनी 'बरं' म्हटलं की त्यांना उठू देऊ नका. माझं बोलणं संपलेलं नसेल.